पोलादावरचा क्रमांक : बंद पडलेल्या पिस्तुलांची ओढ आणि आपला इतिहास

कुळगावात राहणाऱ्या मनुष्यास पिस्तुलाचा परवाना हवा असेल तर त्याला ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. परवाना मिळालाच, तर त्याच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले, कोऱ्या खोक्यातले 'अशनी' घ्यावे. किंवा एखाद्या जुन्या परवानाधारकाकडून सत्तर-ऐंशी, क्वचित शंभर वर्षांपूर्वी परदेशात घडलेले, कडांवरची झळाळी उडालेले कोल्ट, वेब्ली वा वाल्थर विकत घ्यावे. दुसऱ्या वाटेस कित्येक पट पैसे पडतात. ज्या वस्तूची किंमत अमेरिकेत मध्यम प्रतीच्या मोबाइल फोनइतकी, तिला येथे काही लाख रुपये मोजले जातात. तरीही ऐपत असलेला मनुष्य दुसरीच वाट धरतो. असे का होते, आणि त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काय आहे, हा या धाग्याचा विषय.

आधी बाहेरच्या जगाची गोष्ट थोडक्यात. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा सांगाडा, म्हणजे ज्यात मूठ, चाप आणि मॅगझिन सामावतात तो खालचा भाग, विसाव्या शतकाचा बहुतेक काळ धातूचाच असे. आधी पोलादाचा, पुढे काही नमुन्यांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पोलादाचा एक ठोकळा घ्यायचा, मिलिंग मशीनवर तो कापत न्यायचा, शेवटचा हात कानशीने फिरवायचा, आणि मग त्यावर निळसर काळी झळाळी चढवायची, असे ते काम. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारले आणि चित्र पालटू लागले. ग्लॉकचा सांगाडा साच्यात ओतलेल्या पॉलिमरचा होता. असे पिस्तूल काढणारे ते पहिले नव्हेत, एका जर्मन कारखान्याने १९७० मध्येच तसा प्रयोग केला होता. पण जगभरच्या पोलीस दलांना पटवण्याचे काम ग्लॉकने केले. ते हलके, स्वस्त आणि गंजाला दाद न देणारे होते. पोलादी पिस्तुले एकेक करून कारखान्यांच्या सूचीतून गळाली.

या गळतीतले सर्वांत गाजलेले नाव ब्राउनिंग हाय-पॉवर. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला, त्याचे अर्धवट राहिलेले काम द्यूदोने सेव्ह याने पुरे केले आणि १९३५ मध्ये हे तेरा काडतुसांचे पिस्तूल बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात गंमत अशी झाली की बेल्जियमचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला आणि हेच पिस्तूल दोस्तांसाठी कॅनडात, टोरांटोच्या इंग्लिस कंपनीत तयार होऊ लागले. कपडे धुण्याची यंत्रे करणारी म्हणून पुढे ओळखली गेलेली ती कंपनी. २०१८ च्या सुमारास मूळ कारखान्याने हाय-पॉवरचे उत्पादन थांबवले. हळहळ इतकी झाली की चारच वर्षांत एका अमेरिकी कंपनीने त्याची प्रतिकृती काढली, तुर्कस्तानातून दुसरी आली, आणि २०२२ मध्ये मूळ कारखान्यानेही त्याच नावाचे नवे पिस्तूल आणले. म्हणजे तेथे स्मरणरंजनाला दुकान आहे. बंद पडलेली वस्तू पुरेशा लोकांना आठवली की ती पुन्हा विकत मिळते.

आपल्याकडे असे दुकान नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सामान्य नागरिकासाठी शस्त्रांची आयात बंद झाली. नामवंत नेमबाजांपुरती सवलत उरली. त्यापूर्वी देशात जेवढी परदेशी पिस्तुले आलेली होती, तेवढाच साठा. तो वाढत नाही. पन्नास वर्षे परदेशी राहिलेला डॉक्टर परतताना घेऊन आला ते, चहामळ्याच्या व्यवस्थापकाने मायदेशी जाताना विकले ते, संस्थानिकाच्या शस्त्रागारातून बाहेर पडले ते. त्यातही हाय-पॉवरसारखे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवान्यावर बाळगताच येत नाही; ते सैन्य आणि पोलिसांचे माप. त्यामुळे भारतीय रसिकाची सारी ओढ एकाच लहानशा काडतुसाभोवती गोळा झाली आहे : ७.६५ मिलिमीटर, म्हणजेच बोलीतले 'बत्तीस बोअर'.

आणि येथे महाराष्ट्राचा इतिहास या विषयात शिरतो.

१९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईस उतरला, तेव्हा त्याच्या पेटीला खोटा तळ होता. त्या तळाखाली वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. ती सावरकरांनी पाठवली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता; बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाच्या निमित्ताने आले होते. अनंत कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कुळगावहून लोकलने ठाणे तासाभराच्या आत येते. तुरुंग स्थानकापासून फार दूर नाही.

त्या काळी युरोपात 'ब्राउनिंग' हा शब्द खिशात मावणाऱ्या सपाट पिस्तुलाचे सामान्यनामच झाला होता. त्याला कारण १९०० चे, बेल्जियममध्ये हर्स्टाल येथे घडलेले पिस्तूल. सुमारे सात लाख नग तयार झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते बंद पडले. ७.६५ चे काडतूस मुळात याच पिस्तुलासाठी घडवले गेले होते. आज इशापूरचे अशनी जे काडतूस खाते, ते हेच. सव्वाशे वर्षांत पिस्तुले बदलली, सत्ता बदलली, कायदा बदलला. नागरिकाच्या वाट्याचे काडतूस मात्र ब्राउनिंगने आखून दिले तेच राहिले. इतिहासात सातत्य शोधणाऱ्याला ते अशा अनपेक्षित जागी सापडते.

अर्थात, जुन्या कोल्टवर भाळलेला मनुष्य नाशिकच्या खटल्याचा विचार करत असेल असे नाही. त्याच्या ओढीत एक दुसरीच गोष्ट मिसळलेली असते आणि ती स्पष्ट बोलली जात नाही. ही पिस्तुले मुळात कोणाकडे होती? १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि त्याच वेळी काही वर्गांना त्यातून सूट दिली. युरोपीय लोक सुटले. पदवीधारी, जमीनदार, संस्थानांशी संबंधित मंडळी यांना कमी-अधिक सवलती मिळाल्या. काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. तेव्हा घरात परदेशी पिस्तूल असणे ही नुसती शस्त्राची बाब नव्हती; सरकार या घरावर विश्वास ठेवते, याचे ते प्रमाणपत्र होते. 'आजोबांचे वेब्ली' या शब्दांत आजोबा जितके आहेत, तितकाच आजोबांचा दर्जाही आहे. स्मरणरंजन निरागस नसते. त्यात ज्यांना कधी सूट मिळाली नव्हती त्यांची आठवण गळून पडते.

ती आठवण अंबरनाथ-कुळगाव पट्ट्यात मात्र पुसली जाण्याचे कारण नाही. शेजारचे उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीवर उभे राहिलेले शहर. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये गावाला नवे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर' सांगावा लागतो. अंबरनाथला १९५३ मध्ये आयुध निर्माणी उभी राहिली, सोबत यंत्रांचे आदिनमुने घडवणारा दुसरा सरकारी कारखाना. येथे पिस्तुले होत नाहीत. येथे पितळ होते, काडतुसांच्या कवचांना लागणारे भाग होतात, मिश्रधातू ओतले आणि दाबले जातात. पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्यातील घरांनी लेथ, मिलिंग, कानस आणि मायक्रोमीटर यांच्यावर संसार केले.

असा हात लाभलेल्या मनुष्यास पोलादी सांगाड्याचे मोल वेगळ्या तऱ्हेने कळते. बाजारातला शौकीन झळाळी पाहतो. टूलरूममधला फिटर स्लाइड सांगाड्यावरून सरकताना खडखडते की नाही ते पाहील, आतल्या कोपऱ्यातली कटरची रेघ पाहील आणि कोणते काम यंत्राने झाले, कोणते हाताने, हे सांगू शकेल. पॉलिमरच्या सांगाड्यावर अशी रेघ नसते. तेथे साच्याची शिवण असते. एक वस्तू कोणीतरी केलेली असते, दुसरी ओतलेली असते. या फरकाला हळवेपणा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण तो खरा फरक आहे. धातूच्या पिस्तुलाविषयीच्या प्रेमातील जो भाग टिकाऊ आणि आदरणीय आहे, तो कारागिरीच्या जाणकारीचा. दुर्दैव इतकेच की ही जाणकारी ज्यांच्याजवळ आहे त्यांना ती पिस्तुले परवडत नाहीत, आणि ज्यांना परवडतात त्यांना मुख्यतः नाव हवे असते.

(विषय निघालाच आहे म्हणून एक आडवळण. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी गावाच्या नावाची एक दंतकथा येथे सांगितली जाते. बंदुकीच्या मराठीत 'घोडा' म्हणजे काडतुसावर आघात घडवणारा, अंगठ्याने मागे ओढायचा भाग. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. हाय-पॉवरचा घोडा बाहेर दिसतो. १९०३ च्या कोल्टचा आत लपलेला असतो. ग्लॉकला घोडाच नसतो. शब्द उरतो, जनावर गेले आणि लोखंडही गेले.)

आयुध निर्माणी हे नावही आता कागदावर तसे राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची निर्माणी 'यंत्र इंडिया'कडे गेली, शेजारचा यंत्रांचा कारखाना रणगाडे व चिलखती वाहनांच्या कंपनीकडे, आणि पिस्तुले घडवणारे इशापूर कानपूरच्या कंपनीकडे. कामगार संघटनांचा याला कडवा विरोध होता. एक विसंगतीही येथेच नोंदवावी. पाश्चात्त्य संग्राहक ज्या हाय-पॉवरसाठी उसासे टाकतात, त्याचाच इंग्लिस वंशातला भाऊ इशापूरने '९ मिलिमीटर १ए' या नावाने घडवला आणि भारतीय सैन्य व पोलीस दलांच्या कमरेला तो आजही आहे. तेथे तो स्मरणरंजनाचा विषय होत नाही. बंदोबस्ताला दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिपायाला सुमारे ९०० ग्रॅमचे पोलाद हे कमरेवरचे ओझे असते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात त्याला तेल लावत राहावे लागते, नाहीतर गंज चढतो. ओढ वाटायला वस्तूपासून थोडे अंतर लागते.

अंतराचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जुन्या पिस्तुलांविषयी बोलताना त्यांचे सौष्ठव, वजनाचा तोल, निर्मात्याची मुद्रा यांवर माणसे तासन्‌तास बोलतात. त्या पिस्तुलाने काय केले, यावर बोलत नाहीत. इटलीचे बेरेटा १९३४ हे असेच एक देखणे, आटोपशीर, आता बंद पडलेले पिस्तूल. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसेच्या हातात तेच होते, ग्वाल्हेरहून मिळवलेले, क्रमांक ६०६८२४. महाराष्ट्रात या नमुन्याचे नुसते यांत्रिक कौतुक करता येत नाही, करूही नये. त्या हत्येनंतर गावोगावी जी घरे जळाली त्यांची झळ येथील कित्येक कुटुंबांनी सोसली आहे. नाशिकचे ब्राउनिंग आणि दिल्लीचे बेरेटा यांना एकाच मखमली पेटीत 'अभिजात' म्हणून ठेवणारी रसिकता इतिहासाला उपयोगाची नाही. प्रत्येक पिस्तूल वेगळे असते, कारण प्रत्येकाच्या हातून घडलेले वेगळे असते.

आणि कोणते पिस्तूल कोणते, हे कळायचे कसे? सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाने. या साऱ्या विषयाचा गाभा हा क्रमांक आहे.

लाहोरमध्ये १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्सचा वध झाला. पहिली गोळी राजगुरूंची, म्हणजे पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांची. मागोमाग भगतसिंग यांनी आपल्या कोल्टमधून गोळ्या झाडल्या. पुढे खटला झाला, फाशी झाली, फाळणी झाली, आणि ते कोल्ट दृष्टीआड झाले. १९६९ मध्ये पंजाबातील फिल्लौरहून काही जुनी शस्त्रे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रविद्या केंद्रात गेली. तेथे ती इतर शस्त्रांत मांडून ठेवली होती, गंज चढू नये म्हणून काळ्या रंगाचा हात मारून. २०१६ मध्ये खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांक हाती घेऊन शोध सुरू झाला. रंग खरवडल्यावर एका बत्तीस बोअरच्या कोल्टवर तो निघाला : १६८८९६. जवळजवळ अर्धशतक ते पिस्तूल सर्वांच्या डोळ्यांसमोर होते आणि कोणासही ठाऊक नव्हते.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. कागद लाहोरचा, पिस्तूल इंदूरचे, मधे दोन राष्ट्रे. दोहोंना जोडणारी गोष्ट एकच, पोलादात उमटलेले सहा अंक. ग्लॉकच्या पॉलिमरमध्येही क्रमांकासाठी धातूची एक छोटी पट्टी बसवावी लागते, कारण शेवटी साक्ष धातूच टिकवतो. जुन्या पिस्तुलाचा सांगाडा ही म्हणूनच एक प्रकारची दप्तरनोंद आहे. फरक इतकाच की ही नोंद पुराभिलेखागारात नसून कोणाच्या तरी कपाटात, तेल लावलेल्या फडक्यात आहे.

कायदा तिच्याकडे कसा पाहतो? १९८३ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. सरकारचा मूळ मसुदा तर एकाचाच होता. विरोध झाल्यावर दोन झाली. वारसाने आलेले शस्त्रही या मोजणीत धरले गेले. ज्याच्याकडे तिसरे होते त्याने ते वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. शस्त्रांची संख्या घटावी, हा हेतू चुकीचा नाही. ज्या समाजात लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून माणसे मरतात, त्या समाजाने शस्त्रे मोजावीत हे योग्यच आहे. पण मोजणी नगांची झाली. नग कोणता, हे विचारले गेले नाही.

त्यात भर जुन्या वस्तूंच्या व्याख्येची. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते. १९०८ च्या नमुन्याची अनेक वेब्ली आणि १९०३ ची असंख्य कोल्ट हे वय ओलांडून गेली आहेत. परंतु १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम जुन्या शस्त्राला सूट देते ती एका अटीवर : ते दुरुस्त करूनही झाडता येऊ नये. म्हणजे पिस्तूल नीट राखले तर ते शस्त्र, आणि निकामी झाले तर इतिहास. ज्या टिकाऊपणासाठी धातूचा गौरव करायचा, तोच त्याच्या आड येतो. तेल पुसून शंभर वर्षे राखणारे घर गुन्ह्याच्या काठावर उभे राहते आणि गंजू देणारे निर्धास्त असते.

प्रत्यक्षात असे घडते. आजोबा जातात. परवाना त्यांच्या नावचा. मुलगा परदेशी किंवा दूरच्या शहरात. त्याला परवाना नको, दर निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करण्याची पायपीट नको, घरात लहान मुले असताना पिस्तूलही नको. यातले एकही कारण अनाठायी नाही. तो ते विक्रेत्याकडे टाकतो किंवा सरकारजमा करतो. पिस्तुलासोबत असलेला जुना परवाना, खरेदीची पावती, एखादे पत्र हे सारे रद्दीत जाते. अशा रीतीने ती नोंद दोन तुकड्यांत फुटते : क्रमांक एकीकडे, कागद दुसरीकडे. इंदूरच्या कोल्टच्या बाबतीत कागद तरी शिल्लक होता.

यावर उपाय म्हणून परवाने सैल करा असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तो मार्ग या धाग्यास मान्य नाही. बंद पडलेल्या पिस्तुलांचे प्रेम हे अधिक पिस्तुलांचे कारण होऊ शकत नाही. मागणी याहून लहान आहे. एखादे जुने शस्त्र जमा झाले की ते वितळवण्यापूर्वी किंवा लिलावास जाण्यापूर्वी त्याचा क्रमांक, निर्मात्याची मुद्रा, घडणीचे वर्ष आणि सोबतचे जुने कागद यांचे छायाचित्र घेतले जावे, आणि ती यादी राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे पोहोचावी. पोलीस ठाण्यातील मुद्देमाल कारकुनास एका नगामागे दहा मिनिटे लागतील. जे नमुने दुर्मीळ ठरतील ते नळी बुजवून, आघाताची सुई काढून संग्रहालयास देता येतील. त्यांच्या मांडणीसाठी पोलादाची पारख असलेली माणसे लागली, तर अंबरनाथच्या आसपास निवृत्त झालेली ती शेकड्यांनी मिळतील आणि बहुधा चहावर काम करतील.

लंडनहून आलेल्या त्या वीस ब्राउनिंगपैकी काही खटल्याच्या वेळी सरकारच्या हाती लागली. त्यांच्यावरही क्रमांक होते.